सांगली स्टँडवरच्या मावशींचे आणि कंडक्टरदादांचे आभार

रविवारी सांगली एसटी स्टँडवर माझ्या ३ वर्षांच्या लेकानं तासगाव गाडीच्या दारातच अंग टाकलं. चप्पल भिरकावली, माझ्या हाताला कडकडून चावला.

भडंग विकणाऱ्या मावशी पाटी बाजूला ठेवून त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. “लई राग आलाय व्हय रं? रड, आमी हाय हितं.” बास, एवढंच. ना पोलिसाची भीती, ना खाऊचं आमिष, आणि हेच फार मोलाचं! कंडक्टरदादांनी बघे पांगवले, गाडी थांबवून धरली.

रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग साधारण २५ वर्षांपर्यंत घडत असतो. इतक्या लहान पोराला शांतपणा मोठ्यांकडूनच घ्यावा लागतो. तो तुम्ही दिलात. मनापासून आभार! त्यांना कुणी ओळखत असेल तर एवढा निरोप जरूर पोचवा.