क्रीडामंत्री साहेब, पोरींना ट्रॉफी नंतर द्या, आधी तारखा द्या

सन्माननीय क्रीडामंत्री साहेब, नमस्कार.

पत्र कोल्हापुरातनं लिहितेय, त्यामुळे फुटबॉल म्हणजे काय ते सांगत बसत नाही. पाटाकडील-दिलबहार या तालमींची (आमच्याकडं फुटबॉल क्लबला तालीमच म्हणतात) मॅच असली की शाहू स्टेडियमच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही आणि आमच्या घरात जेवणाची वेळ किकऑफ बघून ठरते. माझी भाची यातच वाढली, चौदा वर्षांची आहे, लेफ्ट बॅक खेळते, म्हणजे डावीकडनं बचाव करते. कुठल्या तालमीचा कोण कुठल्या पायानं मारतो हे तिला पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ आहे. पण मागच्या अख्ख्या हंगामात तिला स्वतःला किती मॅच मिळाल्या माहितीय का? तीन.

त्यातल्या दोन शालेय स्पर्धेतल्या. ती नॉकआऊट असते, तालुका, जिल्हा, विभाग असं वर जायचं आणि मध्ये कुठं हरलं की विषय संपला, पुढच्या वर्षी भेटू. तिसरी मॅच शेजारच्या जिल्ह्यात होती. फिक्स्चर आलं आदल्या रात्री साडेदहाला, व्हॉट्सअपवर. सकाळी पाचच्या एसटीनं पोरी निघाल्या (महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं तरी परवडलं, त्याबद्दल सरकारचे आभार मानते, टोमणा नाही), दहाची मॅच सुरू झाली साडेबाराला, उन्हात. चेंजिंग रूम नव्हतीच. दोघीजणी ओढणी धरून उभ्या, तिसरी मागे जर्सी बदलतेय, आणि कुंपणावर पोरं बसलेली. एक-शून्यनं हरल्या आणि संध्याकाळी परत. येताना भाची म्हणाली, मावशी, मला आत्ता कुठं कळायला लागलं होतं त्यांची सात नंबर आतमध्ये कट मारतेय, अजून एक मॅच त्यांच्याशी पाहिजे होती.

साहेब, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं. ती अजून एक मॅच.

जाहिराती आणि कार्यक्रम आपल्याकडं कमी झालेले नाहीत. 2022 च्या जानेवारीत महिलांचा एशियन कप आपल्याच राज्यात झाला, अंधेरी, नवी मुंबई आणि बालेवाडीला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल पण नवी मुंबईत. आणि डिसेंबर 2025 मध्ये तर वानखेडेवर खुद्द मेस्सी, आणि पोरापोरींना फुटबॉल शिकवायची सरकारची महादेवा योजना, त्यात 30 मुलं आणि 30 मुली निवडल्या. चांगलंच झालं, त्या 30 जणींचं मनापासून कौतुक आहे. पण त्या पोरी रविवारी खेळणार कुणाशी? आणि निवडीत ज्या थोडक्यात राहिल्या त्यांनी काय करायचं, पुढच्या मेस्सीची वाट बघायची का?

आता जरा टोचणारं बोलते. 2018-19 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशातल्या महिलांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एफसी कोल्हापूर सिटी खेळली होती, आपल्या गावच्या नावाची टीम. नंतर मुंबईच्याही टीम दिसल्या. पण 2023-24 पासून सलग तीन हंगाम वरच्या लीगमध्ये महाराष्ट्राची एकही टीम नाही. तमिळनाडूची सेतू आहे, केरळची गोकुलम आहे, बंगालची ईस्ट बंगाल आहे, आणि आंबोलीचा घाट उतरलं की जे गोवा लागतं तिथली सेसा अकादमीसुद्धा सेकंड डिव्हिजनमधनं वर आली. त्यांच्या पोरींना काय चार पाय आहेत का? 5 जुलै 2025 ला भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात 2-1 हरवून एशियन कपला क्वालिफाय केलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्या ग्रुपवर पोरींनी रात्रभर स्टिकर टाकले. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला ग्राउंड नव्हतं, तिथं टेनिस बॉलच्या मॅचेस चालू होत्या.

मला अकादमी नको, बिल्डिंग तर अजिबात नको. पश्चिम महाराष्ट्राची एक लीग द्या फक्त. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे असं धरून आठ टीम. सगळ्या एकमेकींशी दोनदा खेळल्या तर एका टीमला 14 मॅच मिळतात, एकूण 56. शनिवार-रविवार, तारखा दोन महिने आधी जाहीर. खर्च म्हणजे एसटीचं भाडं, रेफरींचं मानधन, एक अँब्युलन्स आणि दार लागेल अशी एक खोली. जे पुढारी एका संध्याकाळच्या नॉकआऊटला लाखाचं बक्षीस लावतात त्यांना विचारा, बक्षीस अर्धं करून उरलेलं या लीगला द्याल का. देतील, फोटोत घ्या म्हणजे झालं.

आणि सर्टिफिकेटचं तेवढं बघा. पोरगी खेळायला पाठवा म्हणून कुणाच्या घरी गेलं की बापाचा पहिला प्रश्न असतो, कागद चालतो का? दहावीचे क्रीडा गुण, पुढं नोकरीतलं 5 टक्के आरक्षण, यात बसतो का? मी गप्प बसते, कारण गावोगावच्या बऱ्याच ट्रॉफींचा कागद फ्रेम करण्यापलीकडं कामाचा नसतो. लीगला पहिल्या दिवसापासून रीतसर मान्यता घेऊन ठेवा, मग आईबापांना समजवायचं निम्मं काम तिथंच होतं, उरलेलं निम्मं मी करते, चहा पिऊन पिऊन ॲसिडिटी झाली तरी चालेल.

तारखा ठरवताना एवढंच बघा की पावसात आमची ग्राउंडं म्हणजे चिखल असतो आणि फेब्रुवारी-मार्चला बारावी-दहावीची परीक्षा, त्यामुळे दिवाळी झाल्यावर सुरू करून जानेवारी संपायच्या आत आटपलं तर बरं. भाची पुढच्या वर्षी दहावीला आहे.

आपली,
लेफ्ट बॅकची मावशी, कोल्हापूर