बोअर, शाफ्ट आणि पोटॅशियम

स्ट्रासबुर्ग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नवी मुंबईच्या कंपनीतली कायमची नोकरी मी नाकारली, हे तुम्हाला माझ्याआधी दादाकडून कळले, याबद्दल प्रथम क्षमा मागते. त्या रात्री फोनवर बाबांनी विचारले की, पीएच.डी. होऊनही सात वर्षे झाली, तर तू तिथे नेमके करतेस तरी काय? मी "रिसर्च" म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र रास्त होता, म्हणून हे पत्र.

बाबा, उद्यमनगरातल्या लेथवर तुम्ही चाळीस वर्षे जे केलेत, तेच मी करते. फक्त माप लहान आहे. तुमच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्या लांबीत पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकाला एक चिकटवून मांडले, तर एक कोटीहून जास्त मावतील. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हे तिघे सख्खे भाऊ, तिघांवर सारखाच विद्युतभार, फरक मुख्यतः जाडीचा: सुमारे दीड, दोन आणि पावणेतीन अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). यांतल्या एकालाच ओळखून धरील आणि बाकीच्यांना सोडून देईल असा रेणू बनवायचा, म्हणजे एकाच शाफ्टला (दांड्याला) बसेल असे बोअर, म्हणजे भोक, पाडायचे. रेणू आणि त्याचा पाहुणा यांच्यात नेहमीचा पक्का बंध नसतो. केवळ आकार आणि आकर्षण यांवर ते एकत्र राहतात. या शास्त्राला सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री म्हणतात, म्हणजे एकेकट्या रेणूच्या पलीकडचे रसायनशास्त्र.

याची सुरुवात ज्यांनी केली त्या चार्ल्स पेडरसन यांची हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण ती माझ्या बाजूने जितकी बोलते तितकीच तुमच्याही बाजूने बोलते. त्यांचा जन्म 1904 साली कोरियात बुसान येथे झाला. वडील नॉर्वेचे, आई जपानी. अमेरिकेत एम.एस्सी. झाल्यावर प्राध्यापकांनी डॉक्टरेटसाठी आग्रह केला, पण वडिलांवर आणखी भार टाकायचा नाही म्हणून त्यांनी ड्यू पाँट कंपनीत नोकरी धरली आणि 42 वर्षे तिथेच काढली. म्हणजे कंपनीत राहूनही मोठे काम होते, हे मी लपवत नाही. फरक एवढाच की त्यांना त्या काळी विषय निवडण्याची मोकळीक होती, आणि मला देऊ केलेल्या कामात ती नव्हती.

1961 साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते व्हॅनेडियम या धातूला धरणारा एक रेणू बनवत होते. कच्च्या मालात सुमारे दहा टक्के भेसळ राहिली होती आणि तिच्यामुळे, हवे ते सोडून, अगदी थोडे रेशमासारखे पांढरे स्फटिक हाती लागले. उतारा शेकडा अर्धासुद्धा नाही. दुसऱ्या कोणी ते फेकून दिले असते. पेडरसन यांनी ते मेथॅनॉलमध्ये टाकून पाहिले, तर ते जेमतेम विरघळले. पण सोडियमचा क्षार घालताच सहज विरघळले. अठरा अणूंचे एक कडे तयार झाले होते, त्यातले सहा अणू ऑक्सिजनचे, आणि सोडियम त्या कड्याच्या भोकात जाऊन बसला होता. मुकुटासारखा आकार म्हणून त्याचे नाव क्राउन ईथर. पुढे लक्षात आले की सोडियम त्यात थोडा खुळखुळतो आणि पोटॅशियम बरोबर बसतो. आजोळी विहिरीत टाकायचे ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, बेंझिनमध्ये एरवी विरघळत नाही. असे कडे घातले की बेंझिन जांभळे होते.

हा शोधनिबंध 1967 साली छापून आला तेव्हा इथे स्ट्रासबुर्गमध्ये ज्याँ-मारी लेन हे तिशीच्या आतले प्राध्यापक मज्जातंतूंमधून सोडियम-पोटॅशियमची ये-जा कशी होते याचा विचार करत होते. जवळच्याच रोझाइम गावच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा (वडील पुढे गावाचे ऑर्गनवादक झाले, हे मला त्यांच्या सगळ्या चरित्रात जास्त आवडते). लेन यांना वाटले, कडे सपाट असते, पाहुण्याला वरून-खालून मोकळे राहते. त्यापेक्षा सगळीकडून वेढणारा पिंजराच का करू नये? तो पिंजरा म्हणजे क्रिप्टँड, आणि तो पोटॅशियमला त्या कड्यापेक्षा हजारो पट घट्ट धरतो. 1978 मध्ये या विषयाचे नावही लेन यांनीच ठेवले. 1987 साली पेडरसन, लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांना मिळून नोबेल मिळाले. पेडरसन यांना निवृत्त होऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

आता माझे काम. मला लिथियम हवा आहे, कारण बॅटऱ्यांसाठी तो खाऱ्या पाण्यातून काढावा लागतो, आणि त्या पाण्यात सोडियम त्याच्या कितीतरी पट असतो. त्यातही खरी अडचण धरण्याची नाही, सोडण्याची आहे. बाबा, कडे म्हणजे तुमचे सहज सरकणारे स्लायडिंग फिट आणि पिंजरा म्हणजे दाबून बसवलेले प्रेस फिट. एकदा बसलेले बेअरिंग पुलर लावल्याशिवाय निघत नाही. मी गेली तीन वर्षे तो पुलर शोधते आहे. माझ्या पिंजऱ्याची एक बाजू उजेड पडला की वाकते आणि तोंड सैल होते, असा बेत आहे.

गेल्या वर्षी तो साधला असे मला वाटले होते. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात रेणूच्या वजनात 7 ची भर दिसायला हवी होती, कारण लिथियमचे वजन 7. पडद्यावर सुबक, एकटे शिखर आले आणि भर होती 23 ची. 23 म्हणजे सोडियम. मी सोडियम घातलाच नव्हता. द्रावण सुकवण्यासाठी वापरलेल्या सोडियम सल्फेटमधून आणि काचेच्या भांड्यांतून माझ्या पिंजऱ्याने तो आपला आपण उचलला होता. पाच महिन्यांची मोजमापे टाकून द्यावी लागली. तेव्हा तुम्हाला सांगितले नाही, कारण तुम्ही "परत ये" म्हणाला असतात आणि मी कदाचित आलेही असते. आता काच सोडून प्लास्टिकची भांडी वापरते, आणि जूनमध्ये पहिल्यांदा 7 दिसला. उजेड पाडल्यावर तो सुटतो का, हे तपासायला वेळ लागेल, म्हणून आणखी दोन वर्षांचा करार केला आहे. त्यानंतर काय, हे मला आज सांगता येणार नाही, आणि खोटा दिलासा देण्यापेक्षा तसेच लिहिते.

आई, तू म्हणशील, याचा आपल्या घराला काय उपयोग? डॉक्टर तुझ्या रक्तातले पोटॅशियम तपासायला सांगतात, तेव्हा लॅबमधल्या बहुतेक यंत्रांच्या टोकाशी एक पातळ पडदा असतो, आणि त्यात मातीतल्या जीवाणूंपासून मिळणारा व्हॅलिनोमायसिन नावाचा रेणू असतो. तोही एक कडेच, निसर्गाने घडवलेले. रक्तात सोडियम पोटॅशियमच्या तीसेक पट असतो, तरी हा रेणू सोडियमला दाद देत नाही, म्हणून तुझा आकडा बरोबर येतो.

बीपीची गोळी बदलल्यानंतरचा रिपोर्ट या आठवड्यात येणार होता ना? आला की त्यातला पोटॅशियमचा आकडा दादाला मला कळवायला सांग. साडेतीन ते पाचच्या मध्ये असावा.

तुमची,
धाकटी