हक्कांच्या आधी कंट्रोल रूम

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही ऑफर लेटर नीट वाचली. प्रक्षेपण हक्कांच्या, म्हणजे सामने दाखवायचे हक्क विकत घेणाऱ्या, विभागात पगार जास्त आणि हुद्दाही मोठा. प्रॉडक्शनमध्ये मात्र रात्री-अपरात्रीचं काम, आणि वर बोलणी खायची ती वेगळीच. तुला पुढे अख्खं क्रीडा चॅनेल चालवायचंय हे तू लपवत नाहीस, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच सांगते, आधी प्रॉडक्शन घे.

या व्यवसायात मी ज्यांना सगळ्यांत जास्त मानते, त्या टीव्हीवरच्या खेळांचे अमेरिकन निर्माते रून आर्लेज यांचं बघ. 1960 मध्ये ते अमेरिकेतल्या एबीसी या टीव्ही वाहिनीत आले तेव्हा तिशीही गाठली नव्हती. त्याआधी ते एनबीसी या दुसऱ्या वाहिनीत बाहुल्यांच्या कार्यक्रमाचे निर्माते होते. कॉलेजांमधलं अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन खेळतात ते) कसं दाखवावं यावर त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहून दिलं. टीव्हीने आजवर सामना प्रेक्षकापर्यंत आणला, आता आपण प्रेक्षकाला सामन्याला नेऊ, असा त्याचा गाभा. पण खरी गंमत तपशिलात आहे. कॅमेरे जीपवर, हेलिकॉप्टरमध्ये. मैदानातले आवाज टिपणारे मायक्रोफोन. आणि अगदी मोकळा असलेल्या खेळाडूच्या हातून पास सुटला, की त्या क्षणी प्रशिक्षकाचा चेहरा. आज हे कुणालाही सुचेल असं वाटतं. तेव्हा कॅमेरा उंचावर बसून चेंडूमागे फिरायचा, एवढंच.

29 एप्रिल 1961 ला त्यांचा ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या कितीतरी खेळांचे नियम प्रेक्षकांना ठाऊक नव्हते, खेळाडूंची नावं तर नाहीच. मग हा पोरगा कोण, कुठून आला, हरला तर त्याचं काय जाणार, हे आधी सांगायचं आणि मग शर्यत दाखवायची. ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या ओळखीच्या छोट्या फिल्म तू लहानपणापासून बघतेस ना, त्यांचं मूळ इथे आहे. 1970 मध्ये फुटबॉल सोमवारी रात्रीच्या प्राइम टाइमला आणलं, तेही याच भरवशावर, की खेळातलं फारसं न कळणारा माणूससुद्धा बसून बघेल.

आणि म्युनिक. 5 सप्टेंबर 1972 ला पहाटे ऑलिंपिक ग्राममध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं. आर्लेज त्या दिवशी तिथेच, कंट्रोल रूममध्ये, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं हे ठरतं त्या खोलीत. मुख्य निवेदक होते ख्रिस शेंकेल. पण त्या दिवशी खुर्चीवर कोणी बसायचं हे ठरवताना आर्लेज यांनी दुसरे निवेदक जिम मॅके यांना बोलावलं. मॅके पूर्वी वर्तमानपत्रात बातमीदार होते आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. पोहण्याच्या चड्डीवर पँट चढवून ते कॅमेऱ्यासमोर बसले. रात्री ओलीस सुटल्याच्या खोट्या बातम्या पसरल्या, जर्मन सरकारच्या प्रवक्त्यानेही तसं सांगितलं. पहाटे तीननंतर मॅके यांनी अमेरिकेला सांगितलं, की अकराही जण गेले. त्यातला एक मूळचा ओहायोचा. त्याच्या आईवडिलांना ही बातमी आपल्याच तोंडून कळणार आहे, याची मॅके यांना जाणीव होती. मला त्या निवडीचं मोल फार वाटतं. खेळ दाखवायला बसलेल्या माणसांपैकी असा प्रसंग कोण निभावेल, हे कागदावर कळत नाही. ती माणसं काम करताना पाहिलेली असावी लागतात. पुढे 1977 मध्ये एबीसीचा वृत्तविभागही आर्लेज यांच्याकडे सोपवला गेला, तेव्हा ते नुसते खेळाचे माणूस म्हणून कुरकुर झाली होतीच. ती फार काळ टिकली नाही.

हक्कांचं काम मी कमी लेखत नाही. उलट, तिथे मातब्बर माणसंही फसतात. एबीसीने 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकचे हक्क 2.5 कोटी डॉलरला घेतले होते. 1988 च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकला लिलावात आकडा 30.9 कोटींवर गेला आणि मोठा तोटा झाला. ती बोली आर्लेज यांच्याच काळातली. स्पर्धा सुरू होण्याआधी, 1986 मध्ये, कंपनीच्या नव्या मालकांनी त्यांच्याकडून क्रीडाविभाग काढून घेतला. म्हणून ताळेबंद वाचायला तू शिकायलाच हवंस, आणि तेही लवकर. पण आपण विकत घेतोय ते नक्की काय, हे ज्याला माहीत नाही तो समोरच्याने सांगितलेला आकडाच खरा धरून बसतो. हिशेब शिकवणारे तुला ऑफिसात पुष्कळ भेटतील. दहा मॉनिटरसमोर बसून पुढचा शॉट कुठला हे ठरवायला मात्र त्या खोलीतच बसावं लागतं, आणि हुद्दा वाढला की तिथे जाऊन नवशिक्यासारखं विचारणं अवघड होतं. माझी सगळी नोकरी त्या खोलीत गेली. वरून येणाऱ्या साहेबांपैकी कोणाला चित्र कळतं आणि कोणाला नाही, हे आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत समजायचं.

बाबांचं मत वेगळं आहे, ते तुला फोनवर सांगतीलच. तेही ऐक. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना? मग त्याआधी दोन्हीकडे एवढं विचारून घे, की थेट प्रक्षेपणाच्या दिवशी तुझी खुर्ची कुठे असेल.

तुझी,
आई