सूचना : टाउनशिप या मोबाइल खेळातील मित्रयादी आवरण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

खेळातल्या विमानात माल भरून पाठवायच्या पेट्यांसाठी मित्रांकडे मदत मागितली तरी ती वेळेत मिळत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे. कारण साधं आहे. यादीत नावं भरपूर, खेळणारी थोडी. तेव्हा या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपली यादी एकदा वरून खालपर्यंत बघावी आणि ज्यांनी खेळ सोडलाय त्यांना काढून टाकावं.

पण घाई करू नका. खानापूर, जांबोटी भागातले आपले सभासद सध्या भात लावणीत आहेत. दिवसभर चिखलात, त्यात पावसाने वीज आणि रेंज दोन्ही जाते. त्यांचं खेळातलं गाव महिनाभर थंड दिसलं तरी नाव राहू द्या. काढण्याआधी गटात एकदा विचाराच. न विचारता काढलं की माणूस दुखावतो.

दुसरं म्हणजे खेळातल्या गावांची नावं. निम्म्यांनी 'बेळगाव' हेच ठेवलंय! प्रेम समजतं, पण कोण कुणाला मदत करतंय ते कळत नाही. 'अनगोळ', 'नंदगड', 'निपाणी' असं आपापलं नाव द्या आणि ते गटात कळवा.

मदत घेतली तर करायचीही. गहू २ मिनिटांत, मका ५ मिनिटांत येतो, तेवढं तरी कोठारात शिल्लक असू द्या.

अनोळखी माणसाने फुकट टी-कॅश (खेळातलं चलन) देतो म्हणून ओटीपी किंवा पासवर्ड मागितला तर अजिबात देऊ नका. घरातल्या मुलांनाही आजच सांगा.