आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : एआय शिकवा, पण वस्तीतले दिवस कापू नका

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची चर्चा सुरू झाली आणि पाठोपाठ त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. मी साथरोग सर्वेक्षण शिकवतो. एआयला माझा विरोध नाही, वर्गात मी ते वापरतो. पण एका अभ्यासक्रमाचं सुधारित वेळापत्रक हाती पडलं तेव्हा चरकलो. एआयच्या सत्रांना जागा करायची म्हणून वस्तीत जाऊन साथीचा तपास करण्याच्या दिवसांना कात्री लावली होती. हे पत्र त्या कात्रीबद्दल आहे.

वर्गात काय घडतं ते आधी सांगतो. सरावासाठी मी जुलाबाच्या साथीची एक लाइन लिस्ट, म्हणजे दर रुग्णामागे एक ओळ असलेली यादी, देतो : वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, नोंद कधी झाली. ही यादी एआयला दिली की काही सेकंदांत सुबक आलेख येतो, खाली दोन परिच्छेदांचं विश्लेषणही. एका तुकडीच्या वेळी आलेखात दर सोमवारी उंच सुळका दिसत होता आणि यंत्रानं त्याचं कारणही देऊन टाकलं होतं : सुट्टीच्या दिवशी लोक एकत्र येतात, त्यातून संसर्ग. पटण्यासारखं होतं. वर्गातले बहुतेक जण माना डोलवत असताना मागच्या बाकावरून एका आरोग्यसेविकेनं विचारलं, "सर, ही तारीख आजारी पडल्याची की नोंदवल्याची?"

नोंदवल्याची होती. सुट्टीत नोंदणी बंद, म्हणून सोमवारी ढीग. लक्षणांची तारीख घेऊन आलेख पुन्हा काढला तर सगळे सुळके गेले आणि एकच झटकन चढणारा उंचवटा उरला. एकाच ठिकाणाहून, एकाच सुमारास बाधा झाली की असा आलेख येतो. म्हणजे गर्दी शोधत बसण्याऐवजी पाण्याचा उगम तपासायला हवा होता. तिला तो प्रश्न सुचला, कारण अशा नोंदी ती स्वतः भरत आली आहे. सोमवारी वहीत काय होतं हे तिला माहीत आहे. यंत्राला वही माहीत नाही, रकाना तेवढा माहीत आहे.

वर्गातली चूक वर्गातच राहते. इंग्लंडमध्ये ती बाहेर पडली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातल्या १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी तिथल्या रोजच्या आकड्यांतून गळाल्या. प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतली जात होती आणि त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. वरचं सगळं निमूट गळत राहिलं. रुग्णांना आपापले निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम लांबलं. काल प्रयोगशाळेनं पाठवले किती आणि आपल्याकडे उतरले किती, हा ताळा रोज सकाळी घालायला शिकवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तिथे एआय नव्हतं, साधं एक्सेल होतं. एआयमध्ये तर गळती दिसणंही कठीण, कारण गाळलेल्या जागा ते सफाईदार वाक्यांनी भरून देतं.

यंत्र उपयोगी पडतं तिथे ते जरूर घ्यावं. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे वाचण्यासाठी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली, १५ वर्षं व त्यावरील व्यक्तींसाठी. जिथे एक्स-रे वाचायला रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे हे वरदान आहे. पण ते सॉफ्टवेअर 'क्षय आहे' वा 'नाही' असं सांगत नाही. ते एक गुण देतं, आणि किती गुणांपुढे माणसाला थुंकीच्या तपासणीला पाठवायचं ती रेघ आपण ओढायची असते. रेघ खाली ओढली तर प्रयोगशाळेवर भार पडतो, वर ओढली तर रुग्ण निसटतात. एका वस्तीत चाललेली रेघ दुसरीकडे चालेलच असं नाही. वय, धूम्रपान, पूर्वी होऊन गेलेला क्षय, सगळ्यानं ती हलते. महोदय, ही रेघ आपल्या खात्यात कोण ओढणार? ज्यानं सॉफ्टवेअर विकलं तो, की ज्याला त्या भागातले रुग्ण ठाऊक आहेत तो? उत्तर दुसरं असेल, तर त्याला हे गणित शिकवावं लागेल. बटणं कुठली दाबायची हे कंपनीचा माणूस फुकट शिकवून जातो, त्यासाठी सरकारी प्रशिक्षण नको.

मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून कोविड ओळखू पाहणाऱ्या ६२ अभ्यासांची छाननी झाली. रुग्णांसाठी वापरण्याजोगा एकही निघाला नाही. काहींनी कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले होते. आता यंत्र कोविड ओळखायला शिकलं, की लहान छाती आणि मोठी छाती ओळखायला? हा प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. 'तुलना कुणाशी केली?' हा साथरोगशास्त्राच्या पहिल्या आठवड्यातला प्रश्न आहे.

आणि वस्तीत गेल्याशिवाय हे प्रश्न अंगात मुरत नाहीत. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेली, साथीचा तपास करणारे अधिकारी घडवणारी एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस, १९८० मध्ये थायलंडनं त्याच धर्तीवर सुरू केलेला कार्यक्रम आणि पुढे अनेक देशांत निघालेले तसेच अभ्यासक्रम याच पायावर उभे आहेत : वर्ग थोडा, काम जास्त. आपण नेमकं उलट करायला निघालो आहोत.

साथीच्या तयारीसाठी २०२१ मध्ये ७-१-७ असं एक उद्दिष्ट मांडलं गेलं. साथ सात दिवसांत ओळखायची, एका दिवसात कळवायची, पुढच्या सात दिवसांत सुरुवातीचे आवश्यक उपाय पूर्ण करायचे. पहिल्या सातात एआय मदत करील, बातम्या आणि नोंदी चाळून इशारा देईल. शेवटचे सात मात्र सगळे माणसांच्या हाती. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी ठार मारलं. पथकाकडची माहिती बरोबर होती. घाबरलेल्या, संशयानं भरलेल्या लोकांशी आधी कोणी बोलायचं, काय बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे स्लाइडवर शिकवता येत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. एआयला वेगळी सत्रं नकोत, ते क्षेत्रकामातच आणा : तीच साथ आधी हातानं सोडवायची, मग यंत्रानं, आणि फरक कुठे पडला ते सर्वांसमोर मांडायचं. दुसरं, यंत्राच्या निष्कर्षावर लेखी हरकत नोंदवायचा अधिकार अगदी खालच्या कर्मचाऱ्यालाही द्या आणि त्या हरकतीला ठरावीक मुदतीत उत्तर देणारा अधिकारी नेमा. नाहीतर 'डॅशबोर्ड चुकतोय' म्हणणाऱ्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडते आणि पुढच्या वेळी तो गप्प बसतो. तिसरी गोष्ट तातडीची : रुग्णांची नावं-पत्ते असलेल्या याद्या फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून अहवाल लिहून घेण्याचा मोह कुणालाही होईल, कारण अहवाल उद्याच हवा असतो. त्याबद्दलची सूचना एका पानात मावते. ती याच महिन्यात निघावी.

शेवटचं मागणं माणसांबद्दल. महामारीत कंत्राटावर घेतलेले संपर्क शोधणारे, नमुने घेणारे, माहिती भरणारे कंत्राट संपताच घरी गेले. कुठल्या गल्लीत दार उघडत नव्हतं, कुठली प्रयोगशाळा निकाल उशिरा पाठवायची, खोटे फोन नंबर कधी आणि का दिले जायचे, हे त्यांच्या डोक्यात आहे. कुठल्याही सर्व्हरवर ते नाही. त्यांच्या मानधनाची बिलं खात्याच्या दप्तरात असतील, त्यांवरून नावं निघतील. नवी तुकडी सुरू होईल तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना शिकवायला बोलवा. आणि त्या दिवसांचे पैसे द्या, नुसत्या प्रमाणपत्रावर भागवू नका.

आपला,
साथरोग सर्वेक्षणाचा एक प्रशिक्षक