मे महिन्याच्या विहिरी: लॅबमधल्या मामांना पत्र

प्रिय मामा,

शि. सा. नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत. "नाव-बिव नगं, सरांचं घाल," म्हणालात. तुमचा शब्द मी मोडला नाही. पण जूनमधल्या त्या दुपारी जे झालं ते नीट लिहून ठेवावं आणि चार लोकांनी वाचावं असं फार वाटतं. म्हणून हे पत्र, नाव न घेता.

तुम्हाला मी रडवेली दिसले, पण त्यामागचं सगळं त्या दिवशी सांगता आलं नव्हतं. माण आणि खटाव तालुक्यांतल्या शंभरावर विहिरींची पातळी मी मे महिन्यात मोजली होती. कठड्यावरून टेप खाली सोडायची, पाण्याला टेकली की आकडा मोबाइलमध्ये भरायचा, जीपीएसचा बिंदू घ्यायचा, फोटो काढायचा. रात्री सगळं लॅपटॉपवर उतरवून मोबाइल रिकामा करायचा, कारण दुसऱ्या दिवशीच्या फोटोंना जागा लागायची. लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि विंडोज अशा दोन्ही सिस्टिम होत्या. माझं नकाशांचं काम, त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि सगळ्या नोंदी उबंटूच्या बाजूला. दुसरीकडे प्रत होती, पण ती मार्चपर्यंतची. आणि मे महिन्याची पातळी जूनमध्ये मोजता येत नाही, मामा. पहिला पाऊस होऊन गेला होता. त्या आकड्यांसाठी पुढच्या मे महिन्याची वाट बघावी लागली असती, आणि तोवर माझी मुदत संपली असती.

चार्जिंगची तक्रार म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. दहा दिवसांनी परत आला तेव्हा चार्जिंग ठीक होतं आणि बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट केल्याचं पावतीवर लिहिलं होतं. घरी चालू केला तर तो सरळ विंडोजमध्ये गेला. एरवी सुरुवातीला काळ्या पडद्यावर उबंटू आणि विंडोज अशी यादी यायची, बाणाच्या बटणाने एक निवडायची. ती यादीच आली नाही. चार वेळा बंद-चालू केला, तरी नाही.

जवळच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने विंडोजमधून डिस्कची विभागणी उघडली. एका मोठ्या तुकड्याला नावच नव्हतं. त्याने त्याला ड्राइव्हचं अक्षर देऊन पाहिलं, तर लगेच पडद्यावर चौकट आली की हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल. "लिनक्स उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो," तो म्हणाला. तो वाईट हेतूने म्हणाला नाही. त्याला ती चौकट खरी वाटली, आणि मलाही वाटली. कॉलेजात एकदा विचारते, एवढंच म्हणून मी लॅपटॉप पिशवीत घातला.

लॅबमध्ये आले तेव्हा तुम्ही की-बोर्ड उलटे करून ब्रशने झाडत होतात. सगळं ऐकून घेतलंत आणि लॅपटॉपला हातही न लावता म्हणालात, "काय गेलं न्हाई बाळ. हाय तिथंच हाय. पर मशीन फॉरमॅट इचारंल तवा न्हाई म्हणायचं, कितींदा बी इचारू दे." मग समजावून सांगितलंत. विंडोजला उबंटूची ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते त्याला कोरं वाटतं, म्हणून ते फॉरमॅट करू का विचारतं. दोन दिवस जे कुणी सांगितलं नव्हतं ते तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत. तिथे मला पहिला नीट श्वास घेता आला.

आणि तरीही तुम्ही घाई केली नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हणत होते, मामा, लवकर करा. तुम्ही विचारलंत, "बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवलीया का?" असली काही किल्ली असते हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची बाजू बिटलॉकरने कुलूपबंद होती, आणि बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, मांडणीत बदल झाला की विंडोज कधी कधी ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली मागतं. ती नसेल तर एक बाजू वाचवताना दुसरी गमवायची. तुम्ही मला आधी विंडोजमध्येच नेलंत, किल्ली शोधायला लावलीत आणि वहीत उतरवायला लावलीत, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मग मी वाचून दाखवले आणि तुम्ही पडद्यावर बोट ठेवून एकेक गट पडताळलात. पाचव्या गटात माझी चूक निघाली. घाईत ती तशीच राहिली असती.

मग कपाटातून पेनड्राइव्ह काढलात, हिरवी चिकटपट्टी लावलेला, उबंटू २२.०४ चा. एफ-१२ दाबून त्यावरून लॅपटॉप चालू केलात, इन्स्टॉल न करता नुसता वापरून बघायचा पर्याय घेतलात आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून खुर्ची माझ्याकडे सरकवलीत. टाइप मी करायचं, तुम्ही सांगायचं. पहिल्यांदा सिस्-फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर दिसतो का ते बघायला लावलंत. तो दिसला म्हणजे पेनड्राइव्ह यूईएफआय या मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीने चालू झालाय. जुन्या पद्धतीने चालू झाला असता, तर केलेली दुरुस्ती भलत्याच ठिकाणी गेली असती. मग डिस्कच्या तुकड्यांची यादी काढली. विंडोजला जो तुकडा बिननावाचा वाटत होता, त्याच्यापुढे इथे स्वच्छ ईएक्सटी-४ लिहिलेलं होतं.

तो तुकडा तुम्ही फक्त वाचण्यापुरता जोडायला लावलात, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. होम उघडलं, त्यात माझ्या नावाचा फोल्डर, त्यात 'विहिरी', त्यात 'मे'. सगळ्या फाइली जागेवर होत्या. एक फोटो उघडला: दहिवडीच्या अलीकडची कोरडी पडत चाललेली विहीर, कठड्यावर माझी पिवळी टेप. त्यानंतर मला थोडा वेळ काहीच टाइप करता आलं नाही. तुम्ही उठून पाणी आणलंत आणि मी सावरेपर्यंत परत की-बोर्ड झाडत बसलात.

मला वाटलं, आता सुरुवातीची ती यादी, म्हणजे मेनू. तुम्ही म्हणालात, आधी माल भाईर, मग डागडुजी. लॅबच्या हार्डडिस्कवर अख्खा 'विहिरी' फोल्डर उतरवून घेतला, तिथून तीन-चार फाइली उघडून बघितल्या, आणि मगच पुढे गेलो. माझा जीव तिथे भांड्यात पडला, मेनू यायला अजून अर्धा तास होता तरी.

प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र किती छोटी होती! डिस्कच्या सुरुवातीला ईएफआयचा एक लहानसा तुकडा असतो. तो उघडला तर मायक्रोसॉफ्टचा फोल्डर होता आणि शेजारी उबंटूचाही होता, आत शिम आणि ग्रब या दोन्ही फाइली शाबूत: शिम आधी चालू होते आणि ग्रबला उठवते, ग्रब ती निवडायची यादी दाखवतं. हरवली होती ती फक्त नोंद. कुठली फाइल आधी चालू करायची याची यादी डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते, आणि बायोस अपडेट होताना ती कधी कधी पुसली जाते. ईएफआय-बूट-मॅनेजरने यादी काढली तेव्हा त्यात विंडोज होतं, उबंटूची ओळच नव्हती. "घर उभं हाय, दारावरची पाटी तेवढी पडलीया," तुम्ही म्हणालात. एका आज्ञेत आपण पाटी परत लावली: डिस्क कुठली, तुकडा कुठला, नाव उबंटू, फाइल शिमची. शिमवर सही असते म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे बिनसहीचं काही सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावं लागलं नाही, हेही तेव्हाच कळलं.

लॅपटॉप उबंटूत उघडला. मी टाळी वाजवली, तुम्ही मात्र समाधानी नव्हता. आतून ग्रब पुन्हा बसवून यादी नव्याने तयार केली, तर विंडोजची ओळ आली नाही. मग तुम्ही सांगितलंत की २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिमचा शोध आपणहून घेत नाही, ओएस-प्रोबर चालू करून द्यावा लागतो. सेटिंगच्या फाइलीत ओळ घालायची होती 'डिसेबल ओएस-प्रोबर', आणि तिच्यापुढे 'फॉल्स'. मी ट्रू लिहायला निघाले होते. "बंद ठेव म्हणणं खोटं, म्हंजे चालू," तुमचं हे वाक्य माझ्या वहीत जसंच्या तसं आहे. मेनू लपून राहू नये आणि दहा सेकंद थांबावा, अशा आणखी दोन ओळी. अपडेट-ग्रब. रिस्टार्ट. काळ्या पडद्यावर यादी उभी, उबंटू वर, विंडोज खाली. दोन्हीकडे जाऊन बघितलं. विंडोजने किल्ली मागितली नाही, पण ती वहीत होती म्हणून त्या क्षणी भीतीही वाटली नाही.

जाता जाता तुम्ही घड्याळही दुरुस्त केलंत. उबंटूतून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे पडते, हे मी दोन वर्षं हाताने बदलत होते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. एका ओळीत ते मिटलं.

हे सगळं कुठे शिकलात असं विचारलं तर म्हणालात, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून, मराठीतून ऐकून, सुट्टीत लॅब रिकामी असताना, बाद झालेल्या मशीनवर करून बघत. मामा, हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे. आमच्या विभागात तुम्हाला चाव्या, प्रोजेक्टर आणि झेरॉक्ससाठी हाक मारतात. मीही दोन वर्षं तेवढ्यासाठीच मारली. या बाकावर बसून तुम्ही किती मुलांची किती कामं वाचवली असतील, आणि त्यातल्या कुणीही ते कुठे लिहिलं नसेल. ते मला सलतं.

प्रबंध गेल्या आठवड्यात दाखल झाला. चौथ्या प्रकरणातला नकाशा मे महिन्याच्या पातळीचा आहे, प्रत्येक विहिरीचा एक निळा ठिपका. छापील प्रत ग्रंथालयात जाईल तेव्हा तो नकाशा तुम्हाला आधी दाखवायचा आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, "निकालाला पेढं आण," म्हणालात. कंदी पेढे आणणारच आहे, पण निकालापर्यंत थांबवत नाही, सोमवारीच येते. तुमचा हिरव्या पट्टीचा पेनड्राइव्ह अजून माझ्याकडे आहे. त्यावर उबंटू २४.०४ टाकलंय आणि घरच्या जुन्या मशीनवर चालू करून पाहिलंय. येताना तोही घेऊन येते.

तुमची,
विहिरींवाली