मीठ मुबलक, पण ऋणाग्राचे काय?

महोदय,

सोडियम-आयन बॅटरीवरील आपल्या अंकातील लेख वाचला. मीठ मुबलक आहे म्हणून ही बॅटरी स्वस्त होणारच, हा त्यातील निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. लिथियम बॅटरीच्या ऋणाग्रात (चार्जिंगच्या वेळी आयन साठवून घेणाऱ्या ऋण टोकात) वापरले जाणारे ग्रॅफाइट सोडियमला जवळजवळ सामावूनच घेत नाही (सोडियमचा आयन मोठा, हे कारण सर्रास सांगितले जाते, पण त्याहून मोठे पोटॅशियम ग्रॅफाइटमध्ये शिरते), त्यामुळे सोडियम बॅटरीत तेथे हार्ड कार्बन (ग्रॅफाइटसारखी थरांची सुबक रचना नसलेला कार्बन) लागतो. नारळाच्या करवंटीसारखा कच्चा माल हवेविना १००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला तापवून तो तयार होतो आणि दरवेळी त्याचा दर्जा सारखा राखणे हेच खरे कठीण काम आहे. ऋणाग्रातील वीज वाहून नेण्यासाठी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल चालते, ही बचत खरी. परंतु धनाग्रासाठी (धन टोकासाठी) व्हॅनेडियमयुक्त संयुग निवडले, तर ती तेथेच खर्ची पडू शकते. पुण्यात केपीआयटी या वाहन-तंत्रज्ञान कंपनीने आयसर या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान २०२३ मध्ये जाहीर झाले आहे, कोकणात करवंट्या आहेत आणि साखर कारखान्यांकडील उसाच्या चिपाडापासूनही असा कार्बन बनवता येतो. तेव्हा शासनाने बॅटरी जुळणीच्या कारखान्यांइतकेच साहाय्य हार्ड कार्बनच्या उत्पादनालाही द्यावे.

— एक वाचक, रत्नागिरी